बेंगळुरूला दोन दिवस जातोय, चांगली क्राफ्ट बिअर देणारी ठिकाणं कशी शोधायची?

रेटिंगवर फार जाऊ नका, तिथे निम्मे स्टार गाण्यांना आणि चिकनला दिलेले असतात. आधी 'मायक्रोब्रुअरी' (म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणारी छोटी जागा) असं सर्च करा आणि लोकांनी टाकलेले मेन्यूचे फोटो बघा, त्यात स्वतःच्या बिअरची नावं दिसली पाहिजेत, नुसत्या बाटल्यांची यादी असेल तर तो साधा पब.

मुक्काम इंदिरानगरजवळ असेल तर टॉइट या मायक्रोब्रुअरीपासून सुरुवात करा, २०१० पासून चालू आहे, पर्पल लाइन मेट्रोने जाता येतं म्हणजे गाडीची भानगडच नको. व्हाइटफील्डचं विंडमिल्सही छान आहे पण लांब पडतं, ट्रॅफिकमध्ये अर्धी संध्याकाळ जाते.

गेल्या गेल्या मोठा मग मागवू नका, सॅम्पलर घ्या, छोट्या छोट्या ग्लासांत चार-पाच प्रकार येतात. मी आधी गव्हाची हेफेवाइझेन चाखतो, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि किंचित लवंगेचा वास यायला हवा, तो यीस्टमुळे येतो, वेगळं काही घातलेलं नसतं. एकदा एका नावाजलेल्या जागी (कुठे ते जाऊ दे) लागरला (थंडाव्यात मुरवलेली हलकी बिअर) चक्क लोण्याचा वास येत होता, म्हणजे बहुतेक टाकीतून घाईने काढलेली.

आणि शनिवारी रात्री जाऊ नका राव, मंगळवार-बुधवारी दुपारी जा, बारवाला निवांत असतो, नळाला (टॅपला) नवीन बिअर कुठली लागलीय आणि सुट्टीच्या दिवशी तू स्वतः कुठे पितोस हे त्यालाच विचारा, मला तरी बरीचशी ठिकाणं अशीच सापडली.