ठसे जुळत नाहीत म्हणून ऑपरेशन लांबू देऊ नका

तुमच्या आईचं वय 76, खुब्याचं हाड मोडलंय, आणि आयुष्मान कार्डाच्या खिडकीवरून उत्तर काय, तर "ठसे जुळत नाहीत, आधार अपडेट करून या". तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. आमच्याकडे हेच झालं होतं.

माझ्या आईने सोलापुरात जन्मभर विड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं. अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. रुग्णालयाचं नाव घेत नाही, पण तिथल्या माणसाने आम्हाला आधार केंद्रावर पिटाळलं. तिथे टोकन, मग सर्व्हर डाऊन, मग पुन्हा तीच झिजलेली बोटं मशीनवर. अपडेट करून नव्या रेषा येणार होत्या का? तोवर आई उताणी पडून. माकडहाडावर आधी लाल चट्टा, मग जखम, मग छातीत कफ. रात्री मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारायची. या वयात खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, ते एवढ्यासाठीच.

संताप याचा, की कार्डाच्या पोर्टलवर ठशांशिवाय ओटीपी, बुबुळ आणि चेहरा असे तीन पर्याय होतेच. त्या खिडकीवर कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी दुसऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने (योजनेच्या मदतनीसाने) तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला, "आजी, डोळे मिचकावा," आणि काम झालं. तेव्हा सरळ "फेस ऑथ करा", म्हणजे चेहऱ्यावरून ओळख पटवा, असं म्हणा. मोतीबिंदू असेल तर बुबुळाच्या नादी लागू नका. ओटीपीला आधारशी जोडलेला नंबर चालू हवा. ऐकलं नाही तर तिथेच उभं राहून आयुष्मानची हेल्पलाइन 14555 लावा. तातडीच्या केसमध्ये फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आहे, तेही विचारा.

मी डॉक्टर नाही, योजनेतलाही नाही, आणि नियम बदलतात. माझ्या माहितीप्रमाणे ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानमध्ये 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वय आधारवरचं धरतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. रुग्णालय योजनेत असलं तरी हेच ऑपरेशन तिथे योजनेतून करतात का, हे आधी विचारा. आम्हाला ते नंतर कळलं.

आत्ता मात्र डॉक्टरांना विचारून दर दोन तासांनी कूस बदला, सिस्टरची वाट बघत बसू नका. चष्मा आणि कानाचं मशीन उशाशी ठेवा, त्याने भ्रम कमी होतो. लघवीला उठवावं लागेल म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, तिकडे लक्ष द्या.

आणि पेन्शन असेल तर याच बोटांपायी नोव्हेंबरात हयातीचा दाखला अडणार. तोही 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवून घरून होतो. ऑपरेशन झालेल्या पायाने आईला बँकेचे जिने चढवू नका.