एकांकिका लिहिणाऱ्याला नाटककार म्हणता येते का?

आपण महाविद्यालयीन स्पर्धांसाठी एकांकिका लिहिता, मित्र आपल्याला 'संवादलेखक' म्हणतात, आणि नाटककार म्हणवून घेण्यासाठी पूर्ण लांबीचे नाटक लिहावेच लागते का, असे आपण विचारले आहे. लांबीचा याच्याशी काहीही संबंध नाही. कोणती घटना रंगमंचावर घडेल, कोणती विंगेत उरकेल आणि प्रेक्षकाला काय केव्हा कळेल, हे जो ठरवतो तो नाटककार. संवाद त्यानंतर येतात. १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदे तेवढी बांधलेली असत आणि गद्य भाषणे नट बहुतांशी आयत्या वेळी करीत. तरीही आद्य मराठी नाटककाराचा मान आपण त्यांनाच देतो.

हे मी तावातावाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. नागपूरच्या एका हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी माझे दोन अंकी नाटक घेतले होते. काटोलकडची वडिलोपार्जित संत्र्याची बाग विकायला निघालेले दोन भाऊ, एवढाच विषय. माझ्या संहितेत थोरला भाऊ पहिल्या अंकाच्या मध्यावरच, घरच्यांचे लक्ष चहाच्या कपांकडे असताना, खरेदीखतावर सही करून कागद उशीखाली सारतो, आणि त्यानंतर सारे घर बाग विकावी की नाही यावर भांडत राहते. त्या भांडणाला आता अर्थ उरलेला नाही, हे केवळ त्याला आणि प्रेक्षकांना ठाऊक असते. दिग्दर्शकांनी ती सही उचलून शेवटच्या प्रवेशात नेली, तिच्यावर पार्श्वसंगीत चढवले आणि धाकट्याला थोरल्याच्या पाया पडायला लावले. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा शब्द न् शब्द ठेवला आहे, मग तक्रार कशाची?" जाहिरातीत माझ्या नावापुढे 'मूळ कल्पना व संवाद' आणि त्यांच्या नावापुढे 'नाट्यरचना व दिग्दर्शन' असे छापून आले. प्रयोगाला टाळ्या पडल्या, हेही खरे. पण ते निराळेच नाटक होते.

नाटक कागदावर नव्हे, तालमीत घडते, हे त्यांचे आवडते वाक्य. याच शहरात राहून लिहिणाऱ्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, तरी देशपांडे घराण्याची अर्धी हकीकत तोच सांगतो, आणि तो तेथे तालमीत कोणाला सुचले म्हणून आलेला नाही.

दिग्दर्शक आणि नट कित्येकदा संहिता सुधारतात, हे मला मान्य आहे, आणि साऱ्या चमूने मिळून उभ्या केलेल्या नाटकात एकच नाटककार शोधत बसू नये. आपल्या एकांकिकांतील घटनांचा क्रम आपण रचला असेल, तर मात्र आपण नाटककारच आहात. स्पर्धेच्या प्रवेशासाठी संस्थेला लेखकाचे परवानगीपत्र लागते. प्रवेशांचा क्रम लेखी संमतीवाचून बदलणार नाही आणि जाहिरातीत व प्रयोगापूर्वीच्या घोषणेत आपले श्रेय कोणत्या शब्दांत जाईल, हे त्याच पत्रात लिहावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५७ वे कलम हक्क विकल्यानंतरही लेखकाला श्रेय मागण्याचा आणि लौकिकाला बाधक फेरफारांना हरकत घेण्याचा अधिकार देते, हे त्या दिग्दर्शकांनाही ठाऊक असायला हवे होते.