४,४४७ शतकापर्यंत राउंड केले तर ४,४०० की ४,५००?

४,४००. तुम्ही बहुधा आधी ४,४५० केले आणि मग त्याचे ४,५००. घोळ तिथेच झाला. राउंड एकदाच करायचं, तेही मूळ संख्येवरून. शतकापर्यंत हवंय ना, मग त्याच्या लगेच उजवीकडचा दशकाचा अंक तेवढा बघा. इथे तो ४, म्हणजे ५ पेक्षा लहान. शतकाचा अंक तसाच ठेवा, पुढे दोन शून्यं. एककातल्या ७ ला इथे कोणी विचारत नाही! पटत नसेल तर अंतर मोजा: ४,४०० हे ४७ वर, ४,५०० मात्र ५३ वर.

दशकात ५ किंवा मोठा अंक असता तर शतकात १ मिळवला असता. शतकात ९ असेल तर जरा सांभाळून: ३,९७२ चे ४,००० होतात, कारण ३९ शतकांची ४० झाली.