पलटणीतून जॅगमध्ये जाताना

प्रिय कॅप्टन,

एलएलबी झालं, आता इन्फन्ट्री (पायदळ) सोडून जॅग (जज अॅडव्होकेट जनरल) या लष्कराच्या कायदा विभागात जाऊ का, असं तू विचारतोस. मीही रायफल कंपनीतूनच तिकडे गेलो. माझ्या मते तू जरूर अर्ज कर.

पलटणीतली वर्षं तिथे कामी येतात. पहाऱ्यावर झोपल्याचा आरोप असलेल्या जवानाची फाइल आली, की निव्वळ वकील आधी कलम बघतो. तू आधी गार्डचं रोस्टर मागशील. पोस्टवर माणसं किती होती, हा आदल्या रात्री गस्तीवर होता का, बदली वेळेवर आली का? साक्षींत हे क्वचितच येतं, कारण कुणी विचारतच नाही.

धोकाही इथेच आहे. सीओच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या, डोक्यावरचं ओझं तू पाहिलं आहेस, त्यामुळे त्याचं म्हणणं तुला चटकन पटेल. समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे युनिटमधल्या झटपट लष्करी खटल्यात, तर सीओ एकटाच न्यायालय असतो. 1987 चा रणजित ठाकूर खटला सावकाश वाच. सिग्नल दलातल्या या जवानाने वरिष्ठांकडे परस्पर तक्रार केली म्हणून त्याला शिक्षा झाली. ती भोगत असताना ‘जेव’ हा हुकूम त्याने मानला नाही, तेवढ्यावरून वर्षभराची सक्तमजुरी आणि बडतर्फी! ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तोच अधिकारी न्यायासनावर बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने सगळी कारवाई रद्द केली. असा कागद तुझ्या टेबलावर आला, तर तो तिथेच अडला पाहिजे.

आर्मी रूल 180 तोंडपाठ कर. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे खटल्याआधीच्या लष्करी चौकशीत, ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर बोट ठेवलं जातं, त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी द्यावीच लागते. घाईत सगळ्यात आधी हेच राहून जातं.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज अॅडव्होकेट (कोर्टाचा कायदा सल्लागार) म्हणून बसशील, तेव्हा तुला मताचा अधिकार नसेल. निर्णय किमान पाच अधिकारी देतील, तू फक्त कायदा सांगायचा. कंपनी चालवलेल्या माणसाला हे फार जड जातं. तरी बोलायचं ते स्पष्ट बोल आणि नोंदीत येऊ दे. पुढे निकालाविरुद्ध दाद मागितली, की सशस्त्र दल न्यायाधिकरणात तीच नोंद वाचली जाते.

कामठीच्या इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये कलमं शिकशीलच. तोवर युनिटमध्ये समरी कोर्ट मार्शल लागलं, तर आरोपीचा ‘फ्रेंड’ (त्याला बचावात मदत करणारा) म्हणून उभा राहायची तयारी अॅडज्युटंटला, म्हणजे सीओचं कार्यालयीन काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आजच सांगून ठेव.

तुझा,
एक निवृत्त कर्नल