गाडी-सल्ला : कुर्ल्याची पद्मिनी, चाकणची व्हर्टस

प्रश्न : घरी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५. खंडाळ्याचा घाट उतरताना पद्मिनीचे ब्रेक मध्येच लागेनासे होतात, व्हर्टसला काहीच होत नाही. हा दोष की वय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी पेडल काय सांगतंय ते पाहा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर ड्रम तापलेत. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबले जातात. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि शूवरच्या लायनिंगची (घासणाऱ्या अस्तराची) पकडही सुटते. व्हर्टसच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) उघड्या असल्याने त्यांना वारा लागतो, शिवाय तापून जाड झालेली डिस्क तिला दाबणाऱ्या पॅडकडेच सरकते. ४० हॉर्सपॉवर विरुद्ध १५० हीच तुलना सगळे करतात. आमच्या मते या दोन गाड्यांमधलं खरं अंतर उतारावर कळतं.

पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर मामला गंभीर आहे. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलंय आणि त्याची वाफ होतेय. गाडी लगेच बाजूला घ्या. नंतर ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढा. दर दोन वर्षांनी हे करायलाच हवं.

शू जुळवताना चाक जॅकवर उचला, बॅकप्लेटमागचा (ड्रमच्या आतल्या बाजूच्या पत्र्यामागचा) अ‍ॅडजस्टर शू घासेपर्यंत फिरवा आणि चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. एका चाकाचा घट्ट, दुसऱ्याचा सैल राहिला तर गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. घाटाचा उतार सुरू होण्याआधीच सेकंड गिअर टाका, म्हणजे इंजिनही गाडी रोखून धरेल. पद्मिनीच्या फर्स्टला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवून घेणारी रचना) नाही, चालत्या गाडीत तो दात घासूनच पडेल.

व्हर्टसमध्ये डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तिची काळजी चढावर घ्या. तिचा क्लच कोरडा आहे. गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली की तो तापतो. ब्रेकवरच थांबवा आणि पुढे पुरेशी जागा झाली की मगच सोडा.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल भरल्यापासून जुनी फियाट अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते. नवी गाडी मात्र व्यवस्थित चालते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. जुन्या गाडीत हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला ही सोय नाही. स्पार्क प्लग काढा : टोक पांढरं पडलं असेल तर निदान पक्कं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) त्याच्यावर कोरलेल्या आकड्यापेक्षा ५ ने मोठा बसवा, गाडी चालवून प्लग पुन्हा पाहा. त्याआधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) गॅप साधारण ०.४५ मिमी आहे ना ते तपासा. गॅप चुकला तरी गाडी अशीच अडखळते.

उन्हात, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होत असेल, तर इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ होतेय. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय बरोबरच आहे. कायमचा इलाज म्हणजे पंपाखाली उष्णतारोधक पॅकिंग आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब.

जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. दोन दिवसांनी क्लिपा पुन्हा आवळा, कारण नवं रबर दबून बसतं आणि तिथूनच पेट्रोल पाझरतं.