आधी गोठ्यात जाऊन बघ, मग मला दुटप्पी-बिटप्पी विचार

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एवढं लांबलचक लिहून शेवटी विचारलंयस काय, तर "काका, मी दुटप्पी आहे का?" का, तर सहा महिने वीगन राहिलीस, म्हणजे मटण-अंडी तर नाहीच, दूध-तूप पण बंद, आणि यात्रेला मावशीकडं गेल्यावर तांबडा रस्सा ओरपलास. अगं खाल्लास तर खाल्लास. मी जनावरांचा डॉक्टर आहे, प्रायश्चित्त सांगणारा भटजी नव्हे.

मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. तुझ्या त्या मेसेजमध्ये डॉक्युमेंटऱ्या आहेत, पॉडकास्ट आहेत, रूममेटशी झालेलं भांडण आहे, बाबांचं "प्रोटीन कुठनं मिळणार" आहे, आणि जनावर एकही नाही. तुझ्या मामाच्या दारात म्हशी बांधलेल्यात. तिथं पहाटे पाचला धार काढताना शेवटची कधी उभी होतीस? तुला मी नेहमी एकच सांगत आलोय आणि मरेपर्यंत तेच सांगणार, जे खायचंय ते बघून खा आणि जे सोडायचंय ते पण बघूनच सोड. मोबाइलवर बघितलेलं धरत नाहीत.

आता मटण राहू दे बाजूला, दुधाचं बोलू, कारण सगळा गुंता तिथं आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. व्यायल्याशिवाय म्हैस दूध देत नाही, गाय पण नाही, एवढं तर तुला माहीत असेल, पण ह्याचा पुढचा अर्थ डोक्यात शिरत नाही लोकांच्या. म्हणजे दूध चालू ठेवायचं तर तिला दर वर्षा-सव्वा वर्षानं वासरू झालंच पाहिजे. गायीचे दिवस नऊ महिन्यांच्या वर, म्हशीचे दहा. आणि होणाऱ्यातली अर्धी नर. पूर्वी खिलारीचा खोंड झाला की घरात पेढे वाटायचे, बैल होणार म्हणून. आता ट्रॅक्टर आला, एचएफच्या, म्हणजे विलायती गायीच्या पाड्याला औत ओढायचं जमत नाही, शर्यतीला तो चालत नाही, मग त्याला दूध कोण पाजणार? डेअरीत फॅट लागते त्या दुधाला पैसे आहेत, ते ह्याच्या पोटात का घालायचं? मी कृत्रिम रेतनाला गेलो की माणसं विचारायची, डॉक्टर, कालवडच होईल असं काही द्या की. आता तसलं सीमेन मिळतं, दहातल्या नऊ वेळा कालवडच होते. पण ते येईपर्यंत जी नर वासरं होत होती ती कुठं गेली हे मला विचारू नकोस, गोठ्यात जाऊन विचार.

गोहत्याबंदी आपल्याकडं १९७६ च्या कायद्यानं होतीच, २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळू पण त्यात आले. म्हैस-रेडा त्यात नाही. म्हणजे रेडकू कसायाकडं जातं, आणि गायीचा पाडा जात नाही म्हणून तो कुठंतरी हायवेच्या कडेला सोडला जातो, नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात दाव्याला बांधून उपाशीपोटी हळूहळू संपतो. मी अशा पाड्यांना सलाईन लावलंय. बरगड्या मोजता यायच्या. मालक वाईट माणूस नव्हता, त्याला पेंडीचं बिल दिसत होतं.

आणखी एक सांगतो. रेडकू मेलं की काही म्हशी पान्हा सोडत नाहीत. मग काय करायचे माहितीय? त्या मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचे. ती चाटायची त्याला. चाटत चाटत दूध सोडायची. आता ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात, लपूनछपून. हे हिरव्या ठिपक्याचं दूध बरं का. पाकिटावर हिरवा ठिपका, म्हणजे शुद्ध शाकाहारी.

म्हणून तुझे आजोबा "हे वीगन म्हणजे फॅड आहे, इंग्रजांचं" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. शब्द १९४४ चा, इंग्लंडचाच, तिथल्या शाकाहारी लोकांतच दुधावरनं बिनसलं म्हणून वेगळी संस्था निघाली, खरंय. पण गांधींनी त्याच्या कितीतरी आधी, १९१२ ला आफ्रिकेत असताना दूध सोडलं होतं, आणि दूध काढायला गायी-म्हशींवर जे अघोरी प्रकार करतात ते त्यातलं एक कारण होतं. पुढं आजारी पडले, कस्तुरबा म्हणाल्या शेळीचं घ्यायला काय हरकत आहे, शपथ तर गायी-म्हशीच्या दुधाची होती ना. घेतलं त्यांनी. आणि ती टोचणी पुढं जपून ठेवली, लिहून ठेवली. तुझ्या रश्श्याची काय ती कथा.

बरं, आता तू आजीला काय बोललीस ते. ते वाचून मात्र तू समोर असतीस तर ओरडलो असतो. माळकरी बाई ती, गळ्यात तुळशीची माळ, पन्नासेक वर्षं मटणाला हात लावला नाही, घरातल्यांना खायचं असेल तर बाहेरच्या चुलीवर करा म्हणाली, पण एकाही माणसाला ताटावरनं उठवलं नाही. तिला तू म्हणालीस, "तू पण हिंसाच करतेस, तूप खातेस." वर ती रडली म्हणून तुलाच नवल वाटतंय! अगं त्या बाईनं आयुष्यभर पहाटे धारा काढल्यात, अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालून रेडकू ओढलंय, माझ्या आधी. लाथा खाल्ल्यात. तिनं बघितलंय. बघून तिनं मटण सोडलं आणि तूप ठेवलं. तू कदाचित तेच बघून तूप सोडशील, मी बघून दोन्ही ठेवलं. तिघांचं तीन तऱ्हेचं, असू दे. पण न बघता बोलणारी आपल्यात तूच एक आहेस.

आणि तुझी रूममेट "वीगन म्हणजे ब्राह्मणी चोचले" म्हणते, तिचं ऐकून घे नीट, उडवून लावू नकोस. मी परळला व्हेटर्नरीला असताना खोली घेतली होती, आईनं सुक्कं मटण दिलं होतं डब्यात, वासावरनं मालकानं ओळखलं आणि "आमच्याकडं असलं चालत नाही" म्हणून आठवड्यात बाहेर काढलं. आडनाव आधीच विचारून घेतलं होतं, ते पण सांगतो. त्याच्या घरी रोज दोन लिटर दूध, सणाला पेढे-बासुंदी, कमरेला चामड्याचा पट्टा. त्याला बोकडाचं काही पडलेलं नव्हतं, त्याला माझं पडलं होतं. मी तेव्हा मान खाली घालून बोचकं उचललं, आज बोललो असतो, हे आत्ता लिहितानाही हात थरथरतोय. तर असली माणसं तुझ्या शेजारी येऊन टाळ्या वाजवतील, "शाब्बास, शुद्ध आहार!" तेव्हा त्यांच्या चहाच्या कपात बघ. ज्यांच्या घरात वजडी आणि चान्यांवर, म्हणजे आतड्यांवर आणि वाळवलेल्या मांसाच्या तुकड्यांवर पोरं वाढली, कारण दुसरं काही वाट्याला येऊच दिलं नाही, त्यांना जाऊन करुणा शिकवू नकोस.

पण रूममेटला पण सांग, संस्कृती म्हणून जे रोज चिकन बिर्याणीचं पार्सल येतं ती संस्कृती सहा आठवड्यांची आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, पायांना वजन पेलत नाही, शेडमध्ये बसलेलाच असतो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लू पहिल्याच दिवशी मारतात, अंडी देत नाही आणि मांसही भरत नाही म्हणून. यात्रेचा बोकड आणि हे एक नव्हे. तिला पण घेऊन जा शेडवर. अमोनियानं डोळे चुरचुरतील दोघींचे, मग बसून भांडा.

माझं विचारशील, तर मी खातो. मटण, ओळखीच्या खाटकाकडनं, समोर उभं राहून. ब्रॉयलर कधीच सोडलं. चहात दूध लागतं, आणि माझी पोरं शिकली ती दूधवाल्यांच्या पैशावर, त्यामुळं दुधाला शिव्या घालणं माझ्या तोंडी शोभणार नाही. पळवाट म्हणशील. म्हण. पण दूध बंद करा म्हणणाऱ्यांनी मला एवढं सांगावं की दोन एकर कोरडवाहूवाल्याच्या घरात दर दहा दिवसांनी येणारा पैसा दुसरा कुठला आहे? ऊस त्याच्याकडं नाही, सोयाबीनला भाव नाही. म्हैस आहे म्हणून किराणा येतो. ह्याचं उत्तर तुझ्या एकाही पॉडकास्टवाल्याकडं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रेडकाचं उत्तर माझ्याकडं नाही.

बाबांच्या प्रोटीनची काळजी करू नकोस. भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचा ठेचा, कारळ्याची चटणी, ह्यात कुठं आलं दूध? अर्धा महाराष्ट्र न कळता वीगन जेवतो निम्मे दिवस. बी-१२ मात्र वनस्पतीतनं मिळत नाही, तिथं हुशारी चालवायची नाही, टेस्ट कर आणि गोळी चालू कर, हातापायांना मुंग्या यायची वाट बघू नकोस. रिपोर्ट मला पाठव.

आणि सुट्टी लागली की घरी न जाता आधी इकडं ये. पहाटे मामाच्या गोठ्यात, मग बाजाराच्या दिवशी जनावरांच्या बाजारात, भाकड म्हशीचा सौदा कसा होतो ते रुमालाखाली बोटं धरून बघू. जुन्या चपला घालून ये, तुझ्या त्या पांढऱ्या बुटांचं शेणात वाटोळं होईल. ते ओटचं दूध म्हणतेस ते पण एक पाकीट आण, चहात फाटतं का बघायचंय मला. आणि येण्याआधी आजीला फोन कर. तुपाचा विषय काढू नकोस, गुडघा कसा आहे विचार.

काका