वळीव आणि अवकाळी: दोन्ही एकच का?

प्रश्न असा आला आहे: मे महिन्यात संध्याकाळी पाऊस झाला की बातम्यांत 'अवकाळीने झोडपले' असं येतं, घरातली मोठी माणसं मात्र 'वळीव पडला' म्हणतात. हे एकाच पावसाचे दोन शब्द आहेत का? आणि 'वळवाचा', 'अवकाळीने' अशी त्यांची रूपं कशी लिहायची?

नाहीत, आणि हा फरक पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वळीव हा उन्हाळ्याचा हक्काचा पाऊस. चैत्र-वैशाखात जमीन तापलेली असते, समुद्रावरून बाष्प येतं आणि दुपारनंतर ढग चढत जातात. आधी धुळीचे लोट, मग सोसाट्याचा वारा, कडकडाट, टपोरे थेंब, कधी गाराही. आणि बहुतेक वेळा तास-अर्ध्या तासात उघडीप. एका गावात ओढा वाहतो, शेजारच्या गावात धूळसुद्धा बसत नाही. नांगरून उन्हात तापत टाकलेल्या रानातली ढेकळं या पाण्याने विरघळतात. तण उगवून येतं, ते पेरणीआधीच कुळवाच्या पाळीने मोडता येतं. मशागतीसाठी शेतकरी ज्याची वाट पाहतो, त्या पावसाला अवकाळी कसं म्हणायचं?

अवकाळी म्हणजे पाऊस यायचा काळ नसताना आलेला. साधारण डिसेंबर ते मार्च: हरभरा घाट्यात, गहू ओंबीत, द्राक्षं उतरायच्या बेतात, कोकणात आंबा मोहोरलेला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने रब्बी झोपवली, ती खरी अवकाळी. 'बेमोसमी' हा याचाच जोडीदार, आणि सरकारी कागदांत 'अवेळी पाऊस' असं लिहिलेलं दिसतं.

वळवाने नुकसान होत नाही असं मुळीच नाही. केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे उडतात, वीज पडून माणसं-जनावरं जातात. पण नावाची कसोटी नुकसान नाही, काळ आहे. ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं की तिथेही 'अवकाळी' लिहिलं जातं. तो बहुधा परतीचा पाऊस असतो, आणि हस्त नक्षत्रात तो येणारच हे आपल्याकडे ठाऊक असतं.

उलट एक उदाहरण २०२५ चं. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. म्हणजे मेअखेरीचा तो पाऊस ना वळीव होता ना अवकाळी. तो लवकर आलेला मोसमी पाऊसच होता. म्हणून नुसता महिना पाहून शब्द ठरवू नये, पावसाची जात पाहावी.

आता रूपांबद्दल, कारण तेही विचारलं आहे. 'वळीव'चं सामान्यरूप 'वळवा-': वळवाचा पाऊस, वळवाने. लाकूड-लाकडाचा याच्यासारखंच, उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातल्या, दीर्घ स्वराचा 'अ' होतो. 'वळिवाचा' हेही रूप पुष्कळ आढळतं, तिथे वि ऱ्हस्व आणि गरीब-गरिबाचा हा नमुना. 'वळीवाचा' असं दीर्घ ठेवून मात्र लिहू नये. 'अवकाळी' मुळात विशेषण. 'अवकाळीने' असा नामासारखा वापर आता इतका रुळला आहे की तो चूक म्हणता येणार नाही.